जानेवारीचा सर्व्हे

रायगड जिल्ह्यात मुरूड आणि रोह्याच्या मधल्या डोंगरात एक कातकरी वाडी आहे. घरं ४१. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, चढलं की पश्चिमेला समुद्र चकाकताना दिसतो, पण वाडीचा समुद्राशी संबंध आठवड्याच्या बाजारात मिळणाऱ्या सुक्या मासळीपुरता. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी नळाने या वाडीत आणायच्या कामावर आमची छोटी कन्सल्टन्सी होती आणि फिल्डची जबाबदारी माझ्याकडे होती. वाडीचं, गावाचं, पैसे देणाऱ्या कंपनीचं नाव इथे देत नाही. यातल्या बऱ्याचशा चुका आमच्या आहेत, त्यात दुसऱ्या कुणाला ओढायचं कारण नाही.

कागदावर काम सोपं होतं. वाडीच्या वर बारमाही झरा. झऱ्यापासून वाडीपर्यंत पायवाटेने १,४०० मीटर, उंचीतला फरक ५५ मीटर. पंप नको, वीजबिल नको. झऱ्यावर पेटी बांधायची, पाइप टाकायचा, वाडीजवळ टाकी आणि पाच स्टँडपोस्ट, म्हणजे सार्वजनिक नळ. पैसे एका कारखान्याच्या सीएसआरमधले, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतले. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के असे खर्च करावे लागतात, आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. म्हणून दिवाळी झाली की कंपन्यांना गावं आठवायला लागतात. आमची वर्कऑर्डर डिसेंबरच्या शेवटी आली. फेब्रुवारीत प्रकल्प अहवाल, मार्चअखेर काम पूर्ण. त्या वेळापत्रकावर आम्ही निमूट सही केली.

चौदा उघडी घरं

पहिल्यांदा वाडीत गेले ती २०२४ च्या जानेवारीत, दुसऱ्या आठवड्यात. ४१ पैकी १४ घरं उघडी होती. बाकीच्यांच्या दारांना कुलूपही नव्हतं, कडीत तार पिळून ठेवलेली. अंगणात उलटी घातलेली टोपली, एका ओट्यावर विसरलेली पोराची चप्पल. उघड्या घरांत म्हातारी माणसं, दोन ओल्या बाळंतिणी, काही मुलं. घरोघरी मोजून ३८ डोकी भरली.

कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. मुकादम पावसाळ्यात, घरात दाणा नसतो तेव्हा, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देऊन ठेवतो. ती फेडायला नवराबायको आणि लहान पोरं सगळीच निघतात, ती परततात अक्षय्य तृतीयेच्या मागेपुढे. हे मला ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. मी पेणची. बोचकी, कोंबड्या आणि पोरांनी भरलेले ट्रक दिवाळीनंतर महामार्गाला लागलेले लहानपणापासून बघत आलेय. पण ठाऊक असलेली गोष्ट एक्सेल शीटमध्ये आपोआप उतरत नाही.

शीटमध्ये उतरलं ते असं. १४ घरांत ३८ माणसं, म्हणजे घरटी २.७. ४१ घरांना २.७ ने गुणून १११. जल जीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे ६,१०५ लिटर. झऱ्यावर १५ लिटरची बादली लावली, ती ७५ सेकंदांत भरली. मिनिटाला १२ लिटर, दिवसाला १७,२८० लिटर. गरजेच्या पावणेतीनपट पाणी. पुढच्या ३० वर्षांची वाढ धरली तरी चिंता नाही, असं मी अहवालात लिहिलं. वाक्य छान होतं.

झऱ्यावर आमच्यासोबत एक आजी आली होती, वाडीत मागे राहिलेल्यांपैकी. बादली भरताना ती बाजूच्या दगडावर बसून आमचा उद्योग बघत होती. मी घड्याळ बंद केलं तशी म्हणाली, "आता पानी हायच. मे मदी या बाय, मंग मोजा." मी ते डायरीत लिहून घेतलं. कुठे लिहिलं, तर शेवटच्या रकान्यात, ज्याचं शीर्षक असतं 'इतर'.

ऑफिसात मी हा विषय काढला होता, हे माझ्या बाजूने सांगते. मे महिन्यातल्या भेटीचे पैसे कोणत्या टप्प्यात लावायचे, असं सरांनी विचारलं. करारात टप्पे तीनच होते: सर्व्हे, अहवाल, काम पूर्ण. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मीही फार ताणून धरलं नाही.

जागा कुणाची

प्रकल्प अडला तो वेगळ्याच कारणाने. टाकीसाठी वाडीच्या कडेचा सपाट तुकडा आम्ही धरला होता. सातबारा काढला तेव्हा कळलं की तुकडाच काय, अख्खी वाडीच एका खाजगी गटात आहे. रायगडात हे सर्रास आहे. दोन-तीन पिढ्यांपूर्वी जमीनमालकाने रानाची राखण, लाकूडतोड, शेतातली मजुरी यासाठी कातकऱ्यांना बसवलेलं असतं. घरं पिढ्यान्‌पिढ्या उभी राहतात, घरपट्टीही ग्रामपंचायत घेते, आणि जमिनीच्या उताऱ्यावर त्यांचं नाव कुठेच नसतं. जमीन गुंठ्याच्या भावाने विकली जात नव्हती तोवर कुणाचं काही बिघडत नव्हतं. आता किनाऱ्यालगतच्या तालुक्यांत डोंगरउतारही 'सी व्ह्यू' म्हणून जातो.

मालक मुंबईत राहतात. फोनवर अगदी सभ्यपणे बोलले. पाणी द्या, माझी ना नाही, पण माझ्या जागेत पक्कं बांधकाम नको, म्हणाले. त्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं. टाकीसाठी संमतीपत्र किंवा बक्षीसपत्र एकदा लिहून दिलं की वाडी तिथे आहे हे त्यांनी स्वतःच्या सहीने कबूल केल्यासारखं झालं असतं. सरपंचांनी दोनदा रदबदली केली, उपयोग झाला नाही. ३१ मार्च जवळ आला आणि कंपनीच्या सीएसआर खात्यातली मंडळी घायकुतीला आली.

इथे आमच्या अकाउंटंटने सुचवलेला मार्ग कामी आला. अनेक कन्सल्टंटना तो माहीत नसतो, म्हणून सविस्तर सांगते. सीएसआरची रक्कम वर्षअखेर खर्च झाली नाही, पण ती 'चालू प्रकल्पा'ची असेल, तर वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत ती वेगळ्या न खर्चलेल्या सीएसआर खात्यात वळती करता येते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. त्यासाठी संचालक मंडळाने प्रकल्प बहुवर्षीय म्हणून मंजूर केलेला हवा. कंपनीने तसा ठराव केला. मार्चची तलवार दूर झाली. हे डिसेंबरमध्येच करता आलं असतं, पण तेव्हा कुणी विचारलंच नव्हतं.

मालकांनी फेब्रुवारीत होकार दिला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी अधूनमधून करते. मार्चअखेर नळ सुरू झाला असता, फीत कापली गेली असती, आणि मे महिन्यात कोरड्या स्टँडपोस्टभोवती रिकामे हंडे लागले असते.

मे

टाकीची पर्यायी जागा बघायला मी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गेले. वाडी ओळखू येईना. ४१ च्या ४१ दारं उघडी, पोरांचा गलका, प्रत्येक घरासमोर भट्टीवरून आणलेली बोचकी. झऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर बायकांची रांग, सावलीत हंडे ओळीने लावलेले. बादली तीच, १५ लिटरची. या वेळी भरायला २२५ सेकंद लागले. मिनिटाला ४ लिटर, दिवसाला ५,७६०.

डोकी पुन्हा मोजली. १९६. घरटी जवळजवळ पाच. गरज १०,७८० लिटर.

म्हणजे माझ्या जानेवारीच्या शीटमध्ये दोन्ही आकडे खरे होते, आणि दोन्ही निरुपयोगी होते. या वाडीत माणसं सर्वांत कमी असतात तेव्हा पाणी भरपूर असतं, आणि झरा सर्वांत बारीक होतो नेमका तेव्हा माणसं परत येतात. कोकणात पाऊस ३,००० मिलिमीटरच्या घरात पडतो, पण इथला जांभा दगड चाळणीसारखा. पावसाळ्यात गिळलेलं पाणी तो दिवाळीपर्यंत झऱ्यांतून सोडत राहतो आणि होळीनंतर हात आखडता घेतो. हे भूगर्भशास्त्र आम्हाला शिकवलेलं असतं. भट्टीचं वेळापत्रक त्यावर ठेवून बघायला कुणी शिकवत नाही.

आजीने "मी सांगितलंच होतं" असं काही म्हटलं नाही. तिने विचारलं, "आता काय करता?"

त्या आठवड्यात आम्ही पहिल्यांदा वाडीसोबत बसून काम केलं. खरं तर ते बसून नव्हे, चालून झालं. दोन दिवस आठ-दहा जणं मला डोंगरात फिरवत होती. कातकरी खेकडे पकडतात, त्यामुळे उन्हाळ्यात ओल कुठे उतरते हे त्यांना बिळावरून कळतं. झरे आटत जातात तसा खेकडा खोल जातो, आणि ज्या बिळात मे अखेर हात घातल्यावर चिखल लागतो तिथे पाणी जवळ असतं, असं त्यांचं गणित. वाडीच्या खालच्या अंगाला, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाशी, एका उंबराखाली अशी बिळं होती. एका तरुणाने दंडापर्यंत हात आत घातला, बाहेर काढला आणि माझ्यासमोर धरला. कोपरापासून बोटांपर्यंत ओला, करडा चिखल. तिथेच दोघांनी कुदळीने डवरा, म्हणजे पाण्यासाठीचा खड्डा, खणला. कमरेएवढं खोल गेल्यावर पाणी आलं. रात्रभर भरू दिलं, सकाळी उपसलं, पुन्हा भरायला किती वेळ लागतो ते मोजलं. असं तीन वेळा. दिवसाला सुमारे ६,००० लिटर मिळतील असं निघालं. झऱ्याचे ५,७६० आणि हे ६,००० धरले की गरज भागून हजारभर लिटर हाताशी उरत होते.

हे पाणी वाडीपेक्षा १८ मीटर खाली, म्हणजे पंप आलाच. एका अश्वशक्तीचा सौर पंप पुरेसा होता, तोही एप्रिल ते जूनपुरता. गुरुत्वाची योजना म्हणून मिरवायचं होतं ते बारगळलं.

आश्रमशाळेतून दहावी झालेल्या दोन मुली वाडीत होत्या. दर रविवारी बादली लावून सेकंद लिहायचं काम त्यांनी घेतलं. पुढच्या वर्षीही त्या वाडीतच होत्या, त्यामुळे आमच्याकडे आज त्या झऱ्याच्या आठवड्यागणिक नोंदी आहेत. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतःहून एक रकाना वाढवला होता: 'वाडीत घरं किती उघडी'. मला तो सुचला नव्हता.

टाकीच्या तीन जागा

पहिली जागा मालकांनी नाकारली. दुसरी मी सुचवली: घरांच्या मागे, चढावर असलेली नैसर्गिक पायरी. उंची उत्तम, पाइप कमी. ती वाडीने नाकारली, तीही एका शब्दात. एका मध्यमवयीन माणसाने फक्त "इरशाळवाडी" म्हटलं आणि गप्प बसला.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इरशाळवाडीवर डोंगर कोसळला. ठाकर आदिवासींची वाडी. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ता म्हणून नोंदली गेली. त्याच्या दोन वर्षं आधी, जुलै २०२१ मध्ये, महाड तालुक्यातलं तळीये तसंच गाडलं गेलं होतं. डोंगराखाली राहणाऱ्या प्रत्येक वाडीत ही नावं आता माहीत आहेत. २० हजार लिटरची टाकी म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन २० टन, त्यात बांधकाम वेगळं. आणि पायासाठी आधी चढ कापायचा. मी उताराचं स्थैर्य काढून दाखवू शकले असते. कदाचित आकडे ठीकही आले असते. पण पावसाळ्यात रात्री जाग आल्यावर त्या टाकीखाली झोपायचं त्यांना होतं, मला नाही. मी वही मिटली.

तिसरी जागा त्यांनीच दाखवली. घळीच्या पलीकडे उघडा कातळ, उंची जवळपास तीच, आणि टाकी फुटलीच तर पाणी थेट पऱ्यात जाणार. अडचण एकच होती, ती जमीन वनखात्याची. आणि इथे मजा अशी, की वनजमीन खाजगी जमिनीपेक्षा सोपी निघाली.

वनहक्क कायद्याचं, म्हणजे २००६ च्या कायद्याचं, कलम ३(२) अशा कामांसाठीच आहे. त्यात १३ सुविधांची यादी आहे: शाळा, अंगणवाडी, रस्ते, पिण्याच्या पाण्याच्या योजना आणि पाइपलाइन, अपारंपरिक ऊर्जा वगैरे. प्रत्येक कामाला वनजमीन एक हेक्टरपेक्षा कमी लागावी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटू नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. एवढं असेल तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याची लांब वाट चालावी लागत नाही. दोन बारकावे मात्र लोक विसरतात. या सुविधा शासनाच्या व्यवस्थापनाखालच्या हव्यात, त्यामुळे अर्ज कंपनीचा किंवा कन्सल्टंटचा चालत नाही. आम्ही तो ग्रामपंचायतीच्या नावाने केला. आणि ७५ झाडं ही हेक्टरी मर्यादा आहे, सरसकट परवानगी नव्हे. आमचं क्षेत्र असं होतं: वनातला चर १,१०० मीटर गुणिले ०.६ मीटर म्हणजे ६६० चौरस मीटर, टाकी ६४, झऱ्याची पेटी ९. एकूण ७३३ चौरस मीटर, ०.०७३३ हेक्टर. त्या हिशोबात झाडं बसतात जेमतेम पाच. पायवाटेच्या कडेने लाइन वळवत वळवत आम्ही ती तीनवर आणली. वाटेत दोन कुटुंबांचे दळी प्लॉट, म्हणजे डोंगरउतारावरच्या शेतीचे तुकडे, होते, वनहक्काचे दाखले मिळालेले. त्यांना वळसा घालताना पाइप ९० मीटर वाढला. काम फणसाड अभयारण्याच्या हद्दीबाहेर होतं, म्हणून वन्यजीव मंडळाची फेरी टळली.

भाद्रपदातली ग्रामसभा

आमच्या फाइलमध्ये ग्रामसभेचा ठराव आधीच होता, २६ जानेवारीचा. वाडीतून त्या सभेला दोन माणसं गेली होती. सगळ्या सह्या गावातल्या.

आपल्याकडे बऱ्याच अहवालांत 'पेसा'चा उल्लेख डोळे झाकून केलेला असतो. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा १९९६ चा तो कायदा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रांना लागू आहे. महाराष्ट्रात १३ जिल्ह्यांत असं क्षेत्र आहे, पालघर त्यात आहे, रायगड नाही. कातकरी ही राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक जमात, कोलाम आणि माडिया गोंडांसोबत. रायगडात तिच्या शेकडो वाड्या. तरी पालघरच्या पाड्याला स्वतःची वेगळी ग्रामसभा मिळवायची जी वाट आहे ती रायगडच्या वाडीला नाही. वाडीचं पाणी ठरतं ते खालच्या गावाच्या सभेत, जिथे वाडी नेहमीच अल्पमतात.

वनहक्क नियमांप्रमाणे, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, सभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया. निम्मं गाव! १५ ऑगस्टला प्रयत्न केला, संख्या भरली नाही. लावणी संपून बेणणी चालू होती, आणि गावातली निम्मी मतं तर मुंबईत. सरपंच डोकं खाजवत बसले होते, तेव्हा त्यांच्या पत्नीने चहा ठेवता ठेवता म्हटलं, "गणपतीत घ्या ना. तेव्हा कोण नसतं?"

गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सभा झाली. चाकरमानी हजर, त्यांच्या बायका हजर, वाडी तर पावसाळ्यामुळे घरीच. शाळेच्या पडवीत माणसं मावेनात. वाडी आणि गाव या दोघांची कॅलेंडरं वर्षात एकदाच जुळतात ती भाद्रपदात, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. सभेला जागेचे मालकही आले होते, शेजारच्या गावात त्यांचा घरचा गणपती असतो. टाकी त्यांच्या जमिनीत नव्हती, त्यामुळे ते काही बोलले नाहीत. वाडीतल्या बायकांनी मात्र एक दुरुस्ती घालून घेतली: पाच स्टँडपोस्टपैकी एक धुण्याच्या दगडाजवळ हवा, कारण तिथेच जास्त पाणी लागतं. माझ्या आराखड्यात तो समाजमंदिराजवळ होता. समाजमंदिर शोभेचं होतं.

सात कुटुंबं

आता जे सांगायचं ते सांगायला मला अवघड जातं.

गणपतीच्या सभेत आम्ही शब्द दिला होता की खोदाई आणि गवंड्याच्या हाताखालचं काम वाडीलाच देऊ. श्रमदान मागायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. रोजच्या मजुरीवर जगणाऱ्याकडे फुकट कष्ट मागून त्याला 'लोकसहभाग' म्हणणं मला पटत नाही. मजुरी देऊ म्हटलं. कधीपासून, असं एकाने विचारलं. "दिवाळीनंतर लगेच," मी म्हणाले. वनखात्याचा होकार तोवर येईल असं मी धरून चालले होते.

त्या शब्दावर सात कुटुंबांनी त्या वर्षी उचल घेतली नाही. मुकादम आला आणि रिकामा गेला. मला हे कळलं नोव्हेंबरमध्ये, वाडी निम्मी रिकामी झाल्यावर, ती सात घरं उघडी दिसली तेव्हा. आणि परवानगी आली नव्हती. डिसेंबर गेला, तरी आली नाही. आली ती जानेवारीच्या शेवटी. फाइल कुणी मुद्दाम अडवली असं नव्हतं. एकदा नकाशाचे निर्देशांक जुळत नव्हते, एकदा साहेबांची बदली झाली, नेहमीचंच.

आमच्या दृष्टीने तो अडीच महिन्यांचा उशीर होता, कोणत्याही प्रकल्पात होतो तसा. त्या सात घरांच्या दृष्टीने तो भट्टीचा हंगाम होता. उचल नाही, काम नाही, आणि आता मुकादमाकडे जायची सोय नाही, कारण त्याच्या जोड्या भरलेल्या. मी कंत्राटदाराच्या मागे लागून उंबराखालची विहीर डिसेंबरमध्येच खणायला घेतली. ती जागा गुरचरणात होती, पंचायतीच्या ना-हरकतीवर भागलं. त्यातून तीन आठवड्यांची मजुरी निघाली. बाकीचे आठवडे त्यांनी कसे काढले ते मी विचारलं नाही. एका घरातल्या बाईने मला नंतर सांगितलं की दुकानदाराची उधारी होळीपर्यंत फिटली नाही. भांडली नाही. फक्त सांगितलं.

तोंडी शब्दाला आमच्या धंद्यात किंमत नसते, म्हणून आपण तो सहज देतो. समोरचा माणूस त्यावर वर्षभराचं पोट ठरवतो. त्यानंतर मी वाडीत कामाची तारीख सांगणं बंद केलं. परवानगीचा कागद हातात आल्यावर सांगते, आणि तोवर उचल घ्यायची असेल तर घ्या, असंही स्पष्ट म्हणते.

वणवा, पाना आणि पाणीपट्टी

बांधकाम फेब्रुवारी ते मे चाललं. सड्यावर चर खणता येत नाही, जांभ्याला सुरुंग लावायची परवानगी नाही, म्हणून ६० मीटर एचडीपीई, म्हणजे प्लॅस्टिकचा, पाइप उघडाच ठेवला होता, वर दगड लावून. मार्चमध्ये वणवा लागला आणि त्या ६० मीटरचा काळा डिंक झाला. पहिल्याच भेटीत कुणीतरी म्हणालं होतं, "सड्यावर पाइप जळंल." तेही 'इतर' रकान्यात सापडलं. तिथे आता जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, पाइप आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नळ चालू झाले. वाडी भरलेली असताना, जाणूनबुजून.

पुढच्या जानेवारीत टाकीजवळचा एक जोड सुटला आणि नऊ दिवस पाणी पऱ्यात वाहत राहिलं. वाडीत राहिलेल्या म्हाताऱ्यांना ते दुसऱ्याच दिवशी दिसलं होतं. पण व्हॉल्व्ह बंद करायला पाना लागत होता, आणि पाना होता पाणी समितीच्या अध्यक्षाकडे, आणि अध्यक्ष होता वीटभट्टीवर. समिती निवडताना आम्ही तरुण, लिहितावाचता येणारी माणसं निवडा असा आग्रह धरला होता. तीच तर जातात! आता मुख्य व्हॉल्व्हला हाताने फिरणारं चाक बसवलंय, आणि कार्तिक ते वैशाख किल्ली आजीकडे असते. सौर पंपही जून संपला की सोडवून तिच्याच घरात ठेवतात. तिचं मानधन किती यावर समितीत अजून वाद आहे.

पाणीपट्टीचा प्रश्न तर सुटलेलाच नाही. ग्रामपंचायत वर्षाची पट्टी लावते. वाडी म्हणते, आम्ही सहा महिने इथे नसतो, सहाचीच देऊ. ग्रामसेवकांच्या रजिस्टरमध्ये अर्ध्या वर्षाचा रकाना नाही. मी दोन्ही बाजूंचं ऐकलं आहे आणि मला वाडीचं पटतं, पण क्लोरीन आणि दुरुस्तीचा खर्च सहा महिन्यांत अर्धा होत नाही हेही खरं.

आणि घरांखालची जमीन आजही मालकांच्याच उताऱ्यावर आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कातकऱ्यांना पक्की घरं मिळतात, पण घर बांधायला जागा लागते, तेव्हा या वाडीतली फाइल तिथेच अडते. मागच्या खेपेला गेले तेव्हा मालकांनी तारेचं कुंपण घातलेलं दिसलं. धुण्याच्या दगडाजवळच्या स्टँडपोस्टपासून ते मी पावलांनी मोजलं, बारा पावलं भरली. बायका दगडावर कपडे आपटत होत्या, त्यांच्यातल्या एकीने ओला परकर तारेवर वाळत टाकला.

आमच्या फर्मला या कामात तोटा झाला. तीन भेटी बिलात बसल्या नाहीत. त्यानंतर माझ्या प्रत्येक प्रस्तावात मी एक ओळ घालते: 'सर्व्हे मे आणि ऑगस्ट या दोन्ही महिन्यांत, फक्त जानेवारीच्या नोंदींवर आराखडा करणार नाही.' एका ग्राहकाने ती खोडली आणि काम दुसऱ्याला दिलं. दुसऱ्याने ठेवली. त्या वाडीत मी येत्या मे महिन्यात जाणार आहे, बादली घेऊन.